‘समाजस्वास्थ्या’ची भाषा

‘स्वस्थ’ हा शब्द मराठींत दोन अर्थांनीं नांदतो. वैद्याच्या तोंडीं तो आला म्हणजे त्याचा अर्थ निरोगी, आपल्या ठिकाणीं स्थिर असलेला असा होतो. घरांतल्या वडील माणसांच्या तोंडीं आला म्हणजे त्याच्यापुढें बहुधा ‘बस’ हें क्रियापद लागतें, आणि मग त्याचा अर्थ ‘गप्प राहा’ एवढाच उरतो. मुलानें अडचणीचा प्रश्न विचारला कीं त्याला आपण स्वस्थ बसवितों. आरोग्य आणि मौन या दोहोंना ज्या भाषेंत एकच शब्द पुरतो, त्या भाषेंत शरीराच्या, मनाच्या आणि स्त्रीपुरुषसंबंधाच्या आरोग्याविषयीं कोणी लिहूं लागला, तर रूढीशीं झगडण्याच्या आधीं त्याला शब्दांशीं झगडावें लागणार, हें उघड आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं जुलै १९२७ मध्यें सुरू केलेल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाचा विचार मला या दृष्टीनें करावयाचा आहे.

कर्व्यांविषयीं लिहिलें गेलें नाहीं असें नाहीं. य. दि. फडके यांनीं त्यांचें चरित्र लिहिलें, डॉ. अनंत देशमुख यांनीं त्यांचें विखुरलेलें लेखन परिश्रमानें संपादून वाचकांच्या हातीं दिलें. अमोल पालेकर यांनीं २००१ मध्यें त्यांच्या जीवनावर ‘ध्यासपर्व’ हा चित्रपट काढला. आज कर्व्यांना द्रष्टा सुधारक म्हणणें सोपें झालें आहे. परंतु द्रष्टा म्हणून एकदां हार घातला कीं आपण मोकळे होतों, आणि त्या माणसानें लिहिलेलें वाचण्याचें तेवढें राहून जातें. म्हणून येथें कर्व्यांच्या पुरस्कर्त्याची किंवा विरोधकाची भूमिका न घेतां एक साधा वाङ्मयीन प्रश्न विचारतों : हें गद्य काय बोलूं शकलें, आणि काय बोलूं शकलें नाहीं?

चरित्राचा तपशील थोडक्यांत आठवूं. रघुनाथराव (१८८२–१९५३) हे महर्षि धोंडो केशव कर्वे यांचे थोरले चिरंजीव, आणि पेशानें गणिताचे प्राध्यापक. १९२१ मध्यें त्यांनीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र उघडलें. लंडनमध्यें मेरी स्टोप्स यांचें केंद्र उघडलें तें याच वर्षीं. या प्रचारापायीं त्यांना विल्सन कॉलेजांतील नोकरी सोडावी लागली. त्यानंतर पत्नी मालतीबाई यांच्या साथीनें सुरू केलेलें मासिक त्यांनीं सव्वीस वर्षें चालविलें. शेवटचा अंक नोव्हेंबर १९५३ चा आहे; तो निघाला तेव्हां संपादक हयात नव्हते. मध्यंतरीं १९३१ मध्यें व्यभिचाराच्या प्रश्नावरील लेखाबद्दल, आणि १९३४ मध्यें वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांबद्दल, अश्लीलतेचे खटले होऊन त्यांना दंड झाला. दुसऱ्या खटल्यांत त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं मांडली.

या दुसऱ्या खटल्याकडे साहित्याच्या अभ्यासकानें विशेष लक्ष द्यावयास हवें. तेथें न्यायासनासमोर आली ती कादंबरी नव्हे, कविता नव्हे, प्रबंधही नव्हे. आली तीं अनामिक वाचकांच्या प्रश्नांचीं त्रोटक उत्तरें. हस्तमैथुन, समलिंगी आकर्षण अशा विषयांवर लोकांनीं विचारलें होतें आणि संपादकानें सांगितलें होतें, एवढाच गुन्हा. लेख समाजाला उद्देशून असतो, म्हणून तो आपल्याला सोडून शेजाऱ्याला लागू आहे असें समजण्याची सोय असते. उत्तर मात्र एकाच माणसाला दिलेलें असतें, आणि ज्या घरांत तोच प्रश्न दडलेला असतो त्या घराला तें झोंबतें. असले प्रश्न विकृत असतील तर ती विकृति ज्ञानानेंच जाईल, असा डॉ. आंबेडकरांच्या युक्तिवादाचा आशय होता. खटला हरला, पण तो युक्तिवाद हरला असें आज कोणी म्हणणार नाहीं.

प्रश्नोत्तर हा प्रकार मराठीला नवा नव्हता. ‘दासबोधां’त श्रोता आशंका घेतो आणि वक्ता तिचें निरसन करतो; आमच्या अध्यात्मग्रंथांचा सगळा थाटच गुरुशिष्यसंवादाचा आहे. परंतु तेथें विचारणारा खालीं बसलेला असतो, सांगणारा वर. शंकेच्या निरसनाबरोबर शिष्याच्या अज्ञानाची थोडी कानउघाडणीही होते. कर्व्यांनीं हा जुना सांगाडा घेतला आणि त्यांतला उच्चासन तेवढा काढून टाकला. त्यांच्या उत्तरांत धिक्कार नाहीं, उपदेश नाहीं, आणि मला अधिक महत्त्वाचें वाटतें तें हें कीं, सहानुभूतीचें प्रदर्शनही नाहीं. गणिताचा शिक्षक उदाहरण सोडवितो तसें ते प्रश्नाकडे पाहतात : दिलेलें काय, काढावयाचें काय, आणि यांत अनावश्यक काय. हें अनावश्यक म्हणजे बहुधा भीति आणि लाज. तीं वजा झालीं कीं उत्तर दोनतीन वाक्यांत संपतें.

हें गद्य कोरडें आहे असा आक्षेप येतो, आणि तो खरा आहे. पण त्या कोरडेपणाची किंमत ओळखावयाची असेल तर शेजारचीं पानें पाहावीं. त्या काळच्या ललित लेखनांत प्रेम चांदण्यांतून, मोगऱ्यांतून आणि नौकाविहारांतून वावरत होतें. धर्मपर लेखनांत तेंच प्रेम पाप किंवा व्रत होऊन बसलें होतें. म्हणजे शरीराविषयीं बोलण्याच्या दोनच तऱ्हा सुशिक्षितांपाशीं होत्या, एक मखमली आणि एक सोवळी. तिसरी तऱ्हा होती ती शिवीची. या तिहींच्या बाहेर, स्वयंपाकघरांत मिठाविषयीं बोलावें तशा साध्या आवाजांत शरीराविषयीं बोलतां येतें, हें कर्व्यांनीं महिन्यामागून महिना दाखवून दिलें. हें मराठी गद्याचें लहान कर्तृत्व नव्हे.

तें इंग्रजींत अधिक सुखानें करतां आलें असतें. ना. सी. फडके यांनीं याच १९२७ सालीं कामविषयक प्रश्नांवर एक ग्रंथ लिहिला. तो इंग्रजींत होता, आणि त्याला मार्गारेट सँगर यांचें प्रास्ताविक होतें. त्यांत पुरस्कारिलेलें सुप्रजाजननाचें तत्त्वज्ञान पुढें जगानें टाकून दिलें, तो भाग निराळा. मला लक्षांत आणून द्यावयाचें आहे तें एवढेंच कीं, मराठींत प्रणयाच्या कादंबऱ्या लिहिणाऱ्या लेखकाला शरीराचा विषय निघतांच भाषा बदलावीशी वाटली. १९३४ पासून मुंबईहून डॉ. ए. पी. पिल्ले यांचें ‘मॅरेज हायजीन’ निघूं लागलें, तेंही इंग्रजींतच. यांत कोणाचा दोष काढण्याचा अधिकार मला नाहीं, कारण मीही तेंच केलें आहे.

मी राहात्यास राहतों आणि आसपासच्या एका महाविद्यालयांत इंग्रजी शिकवितों. कांहीं वर्षांपूर्वीं दुसऱ्या वर्षाच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें तपासावयाच्या वहींत घडी घातलेली चिठ्ठी ठेवली होती. अक्षर सुरेख होतें. त्याचें लग्न ठरत होतें. रात्रीं झोंप लागत नाहीं, छातींत धडधडतें, अंगांतली शक्ति गेली आहे, आणि आपल्या हातून पूर्वीं घडलेल्या संवयीमुळेंच हें झालें, अशी त्याची खात्री होती. सर्व मजकूर मराठींत होता. रोगाचें नांव मात्र त्यानें ‘वीकनेस’ असें लिहिलें होतें. शेवटीं विचारलें होतें, ‘सर, मी लग्न करावें का?’

मी चिठ्ठी दोनदां वाचली. त्याच्या शंकेचें उत्तर मला ठाऊक होतें. परंतु तें मराठींत म्हणून पाहिलें तेव्हां एकही वाक्य जिभेवर ठरेना; प्रत्येक शब्द एक तर शिवीसारखा वाटे, नाहीं तर संस्कृत कोशांतून आल्यासारखा. दुसऱ्या दिवशीं त्याला खोलींत बोलावून मी माझ्या कपाटांतील एक चांगलें इंग्रजी पुस्तक दिलें, ‘हें वाच, काळजीचें कारण नाहीं’ म्हणालों, आणि सुटल्यासारखा घरीं आलों. पंधरा दिवसांनीं पुस्तक परत आलें, तें वर्तमानपत्राचें वेष्टन घालून, पुठ्ठ्यावरचें नांव दिसूं नये अशा बेतानें. तो कांहीं बोलला नाहीं, मीही विचारलें नाहीं. पुढें ‘समाजस्वास्थ्या’तील प्रश्नोत्तरें वाचीत असतांना त्या चिठ्ठीचींच भावंडें मला भेटलीं. नव्वद वर्षांपूर्वींच्या कोणा तरुणांचीं तींच भीति आणि तीच खात्री. कर्व्यांनीं ज्या साधेपणानें तिला उत्तर दिलें, तो साधेपणा मला साधला नव्हता.

तथापि या विद्यार्थ्याची गोष्ट कर्व्यांच्या गद्याची मर्यादाही दाखविते. आपल्याकडील तरुणांना धातु जाण्याची जी धास्ती असते, तिला डॉ. नरेंद्रनाथ विग यांनीं १९६० मध्यें मानसोपचारशास्त्रांत ‘धात’ हें आपल्याच भाषांतलें नांव देऊन स्थान मिळवून दिलें. अशक्तपणा, निद्रानाश, उदासीनता हीं त्या माणसाला खरोखरच होत असतात. पण त्यांचें मूळ शरीरांतून जाणाऱ्या पदार्थांत नसून मनांत साठलेल्या भयांत व अपराधाच्या टोंचणींत असतें. आतां भयावर माहिती हें औषध आहे, पण तें पुरें औषध नव्हे. ‘यानें अपाय होत नाहीं’ हें वाक्य ऐकून बुद्धि सुटते, मन त्या जागीं घुटमळत राहतें. कर्व्यांना हें मन फारसें दिसत नाहीं. मत्सर, विरह, पश्चात्ताप, एकाकीपणा या गोष्टी त्यांना बहुधा चुकीच्या समजुतींचीं पिलें वाटतात. समजूत दुरुस्त झाली कीं तीं आपोआप उडून जातील असा त्यांचा विश्वास. ‘शारदा’ या नांवानें मासिकांत स्त्रीच्या तोंडून पत्रें लिहितांनाही त्यांची ही श्रद्धा ढळत नाहीं. शारदा वादांत क्वचितच हरते, आणि म्हणूनच ती खऱ्या स्त्रीपेक्षां स्त्रीवेश घेतलेल्या तर्कशास्त्रासारखी वाटते.

विशेष हें कीं, जें कर्व्यांच्या पानांत नव्हतें तें त्याच वेळीं मराठींत दुसरीकडे लिहिलें जात होतें. १९३३ मध्यें ‘विभावरी शिरूरकर’ या नांवानें ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला. लेखिका होत्या बाळूताई खरे, पुढील काळांतील मालतीबाई बेडेकर. आणि त्यांचें शिक्षण झालें होतें महर्षि कर्व्यांच्या संस्थेंत. पित्यानें उभारलेल्या शाळेंतून ही लेखणी निघाली आणि पुत्रानें मासिक काढलें, पण दोघांच्या लेखनाची जातकुळी किती निराळी! विभावरीबाईंच्या तरुणी शिकलेल्या आहेत, मिळवत्या आहेत, कित्येक तर सबंध घर पोसतात; आणि त्यामुळेंच त्यांच्या लग्नाची घाई घरांत कोणाला नसते. त्यांचें दुःख अज्ञानाचें नाहीं. प्रश्नोत्तराच्या सदरांतून त्यांना जें कळलें असतें त्यांतलें पुष्कळ त्यांना ठाऊकच आहे. त्यांना हवें आहे तें कोणीतरी आपलें असणें, आणि तसें वाटण्याची लाज न वाटणें. दुसऱ्याच वर्षीं आलेल्या ‘हिंदोळ्यावर’ या कादंबरींत पतीनें टाकलेल्या स्त्रीच्या प्रेमाच्या व मातृत्वाच्या हक्काचा प्रश्न आला. गहजब येथेंही झाला. लेखिका कोण याचा शोध करण्यांत जेवढा उत्साह दिसला, तेवढा ती काय म्हणते हें ऐकण्यांत दिसला नाहीं.

कर्व्यांनीं शरीराला साधी भाषा दिली, विभावरीबाईंनीं मनाला दिली. परंतु दोन मनें आणि दोन शरीरें मिळून जें नातें होतें, त्याची भाषा उरतेच. ती शोधण्यासाठीं मला फार लांब जावें लागत नाहीं. ज्या नगर-मनमाड रस्त्यावर आमचें राहातें आहे, त्याच रस्त्यावर राहुरी आहे आणि पुढें नगर. या दोन्ही गांवीं संसार केलेल्या लक्ष्मीबाई टिळक यांचीं ‘स्मृतिचित्रें’ १९३४ पासून भागाभागानें प्रसिद्ध होऊं लागलीं. म्हणजे मुंबईंत कर्व्यांचा खटला चालला त्याच वर्षीं!

‘स्मृतिचित्रें’ आपण विनोदासाठीं, घरगुती भाषेसाठीं, धर्मांतराच्या हकीकतीसाठीं वाचतों. या लेखाच्या विषयासाठीं तें पुस्तक कोणी वाचावयास घेईल असें वाटत नाहीं. पण निरोगी दांपत्यसंबंध म्हणजे काय, याचा याहून चांगला पाठ मराठींत मला माहीत नाहीं. नारायण वामन टिळक हे कवि, उदार, तापट आणि संसाराच्या बाबतींत बेभरंवशाचे. लग्न झालें तेव्हां लक्ष्मीबाई अकरा वर्षांच्या. १८९५ मध्यें टिळकांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि पतिपत्नींची कांहीं वर्षें ताटातूट झाली. पुढें त्या परत आल्या आणि स्वतःच्या विचारानें, स्वतःच्या वेळीं, त्या धर्मांत गेल्या. हें सांगतांना त्या पतीला देव करीत नाहींत, राक्षसही करीत नाहींत. भांडणें लपवीत नाहींत आणि त्यांचें भांडवलही करीत नाहींत. पतीचा राग जसा दिसतो तशी स्वतःची हटवादी वृत्तिही दिसते. माणसाला दुसऱ्यावर प्रेम करूनही स्वतः शिल्लक राहतां येतें, हें त्या पानोपानीं हंसत सांगतात. ‘स्वस्थ’ म्हणजे स्वतःच्या ठिकाणीं स्थिर, हा मूळ अर्थ येथें संसारांत उतरलेला दिसतो.

याच पुस्तकाच्या आरंभीं त्यांच्या वडिलांचें चित्र आहे. १८५७ च्या धामधुमींत आजोबांना फांशीं जावें लागलें, आणि त्या धक्क्यानंतर वडिलांना सोवळ्याचें विलक्षण वेड लागलें. आज एखादा मानसतज्ज्ञ त्या आचाराला रोगाचें नांव देईल. लक्ष्मीबाईंना तें नांव ठाऊक नव्हतें. परंतु एका आघातानें माणसाचें मन कसें पकडलें जातें आणि त्याचा जाच सबंध घराला कसा होतो, हें त्यांनीं तिरस्कार न करतां लिहून ठेवलें. घरांतल्या मनोरुग्णाविषयीं बोलतांना आपला आवाज आजही दबतो. त्यांचा दबला नाहीं.

अर्थात् लक्ष्मीबाईही शरीराविषयीं बोलत नाहींत. त्यांच्या पिढीला तें शक्य नव्हतें. म्हणजे प्रत्येकाच्या वांट्याला एकएक मौन आलें आहे. कर्वे मनाशीं थबकतात. विभावरीबाईंना आपलें नांव झांकावें लागतें. लक्ष्मीबाई शरीराशीं थांबतात. तथापि १९३३-३४ या दोन वर्षांत शरीर, मन आणि नातें या तिहींच्या आरोग्याची भाषा मराठींत तीन निरनिराळ्या हातांनीं तयार होत होती. दुर्दैव एवढेंच कीं, तीं पानें एकत्र वाचण्याची संवय आपल्याला लागली नाहीं. कर्वे सुधारकांच्या कपाटांत गेले, विभावरी स्त्रीवाङ्मयाच्या, लक्ष्मीबाई आत्मचरित्राच्या. आणि मुलांना सांगण्याची वेळ आली तेव्हां आपण इंग्रजी पुस्तकांकडे हात केला.

कोणी म्हणेल, आतां या साऱ्याची गरज काय? मुलांच्या हातांतील फोनवर सर्व कांहीं दिसतें. मला वाटतें, हाच गैरसमज अधिक घातक आहे. दिसणें आणि समजणें यांत अंतर आहे. फोनवर जें दिसतें त्यांत बहुधा ना साधी भाषा असते, ना दुसऱ्या माणसाच्या संमतीचा विचार; आणि गांवोगांवच्या भिंतींवर गुप्त रोग बरे करणाऱ्यांच्या जाहिराती जशाच्या तशा आहेत. कायदा पुष्कळ पुढें गेला. २०१७ मध्यें मानसिक आरोग्यसेवेचा कायदा झाला. समलिंगी संबंध हा सज्ञान व्यक्तींच्या संमतीचा प्रश्न असून गुन्हा नव्हे, असें सर्वोच्च न्यायालयानें ६ सप्टेंबर २०१८ रोजीं ठरविलें. ज्या प्रश्नाला उत्तर दिल्याबद्दल कर्व्यांना दंड झाला, त्याला न्यायालयानेंच उत्तर दिलें म्हणावयाचें. परंतु आपल्याच राज्यांत २००७ मध्यें शाळांतील लैंगिक शिक्षणावर विधिमंडळांत केवढें वादळ उठलें, आणि कार्यक्रम कसा मागें घेतला गेला, हेंही विसरतां येत नाहीं. कायदा न्यायालयांत बदलतो. भाषा घरांत बदलावी लागते, आणि तें काम आईबापांचें व शिक्षकांचें आहे.

म्हणून सुशिक्षित कुटुंबांना माझी एक साधी सूचना आहे. कर्व्यांचीं निवडक उत्तरें, विभावरीबाईंच्या कथा आणि ‘स्मृतिचित्रें’ हीं पुस्तकें घरांत एका फळीवर ठेवावीं, वेष्टन न घालतां. मुलें वाढत्या वयाचीं झालीं कीं तीं त्यांच्या हाताला लागतील अशीं ठेवावीं, आणि आधीं आपण वाचावीं. कर्व्यांकडून रागावल्याशिवाय उत्तर देणें शिकावें, विभावरीबाईंकडून उत्तरानंतरही उरणारें दुःख ऐकणें, आणि लक्ष्मीबाईंकडून हंसणें. जेथें आपली शक्ति संपते तेथें डॉक्टर आहे, मानसतज्ज्ञ आहे. त्यांच्याकडे जाण्यांत कमीपणा नाहीं, हें सांगण्यासही आधीं शब्द लागतातच.

तो विद्यार्थी मला परवां पेरूच्या हंगामांत राहात्याच्या रस्त्यावर भेटला. बरोबर पत्नी आणि लहान मुलगी होती. पाया पडला. पत्नी पेरू निवडीत होती तेवढ्यांत बाजूला येऊन म्हणाला, ‘सर, तुम्हीं दिलेलें पुस्तक मला समजलें नव्हतें. नंतर एका भिंतीवरच्या वैद्याकडे गेलों, पुष्कळ पैसे गेले. शेवटीं सरकारी दवाखान्यांतल्या डॉक्टरांनीं समजावून सांगितलें.’ मग थोडें थांबून म्हणाला, ‘पण तुम्हीं रागावलां नाहीं, त्याचें तेव्हां बरें वाटलें होतें.’

मी त्याला काय म्हणणार? न रागावणें एवढें अर्धें काम माझ्या हातून झालें होतें. उरलेलें अर्धें, तें मराठींत सांगणें, मला जमलें नाहीं. आणि तें जमविणारा माणूस तर नव्वद वर्षांपूर्वीं दंड भरून गेला होता.